पाणी तापविण्याचा हिशेब : विजेकडून वायूकडे

(ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोंदिया जिल्ह्यात डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत पहाटेचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. बिरसीच्या परिसरात तोवर धानाची मळणी उरकलेली असते, रात्री आकाश निरभ्र असते आणि छपरावरच्या टाकीतले पाणी सकाळी हाताला झोंबते. अशा वेळी घरोघरी बंब पेटतो किंवा चुलीवर हंडा चढतो. परंतु वसतिगृह, आश्रमशाळा, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक इमारतीत पाणी कोणी तापवावयाचे, कशावर तापवावयाचे आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न दर हिवाळ्यात नव्याने उभा राहतो.

हा प्रश्न दिसावयास लहान असला तरी त्याची मुळे खोल आहेत. गार पाण्याच्या धास्तीने मुले आंघोळ टाळतात आणि एकाची खरूज दहा जणांना होण्यास वेळ लागत नाही. प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रीला व नवजात बालकाला गरम पाणी ही चैन नसून आवश्यकता आहे. युरोपातील थंड देशांत संपूर्ण इमारतच हिवाळाभर उबदार ठेवावी लागते आणि ती विजेवर ठेवावी की नैसर्गिक वायूवर, याचा तेथे वर्षानुवर्षे विचार झालेला आहे. आपल्याकडे खोल्या तापवाव्या लागत नाहीत. पाणी तापवावे लागते आणि अन्न शिजवावे लागते. तथापि या दोन्ही प्रश्नांमागील शास्त्र एकच आहे. इमारतीला लागणारी उष्णता विजेवर मिळवावी की वायूवर, आणि हा बदल करावयाचा झाल्यास तो कसा करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शंभर बादल्यांचा हिशेब

प्रथम आकडे समजून घेतले पाहिजेत. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. वीस लिटरांची एक बादली १५ अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापवावयाची, तर ५०० किलोकॅलरी लागतात. शंभर विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह हिशेबासाठी धरले आणि प्रत्येकास रोज एक बादली दिली, तर ही गरज ५०,००० किलोकॅलरी होते.

विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी उष्णता असते. टाकीतून व नळांतून थोडी उष्णता वाया जाते हे जमेस धरले, तर शंभर बादल्यांसाठी दररोज सुमारे ६१ युनिटे वीज लागेल. महिन्याचा आकडा १,८०० युनिटांच्या पुढे जातो. एवढ्यावरही प्रश्न संपत नाही. शंभर मुलांची आंघोळ शाळेपूर्वी, म्हणजे पहाटेच्या दोन तासांत उरकावी लागते. त्यामुळे ६१ युनिटे दोन तासांत वापरली जातात आणि इमारतीवरील भार ३० किलोवॅटच्या घरात पोहोचतो. १,५०० वॅटच्या वीस कांड्या एकाच वेळी चालविण्यासारखेच हे आहे. दिवे आणि पंखे यांच्या हिशेबाने टाकलेल्या तारा हा भार पेलत नाहीत. मग तारा तापतात, बटणे वितळतात, फ्यूज उडतात आणि कोणी तरी फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळतो. पाण्यात सोडलेल्या कांडीचे आवरण फुटले आणि मुलाने बादलीत हात घातला, तर काय प्रसंग ओढवेल हे सांगावयास नको.

यावरून एक सोपे कोष्टक मनात ठेवता येते. चांगल्या उपकरणात जाळलेला एक घनमीटर नैसर्गिक वायू पाणी तापविण्याच्या कामी सुमारे ९ युनिटे विजेचे काम करतो. एक किलो एलपीजी, म्हणजे सिलिंडरमधील वायू, सुमारे ११ युनिटांचे काम करतो. गोबर गॅसचा एक घनमीटर तीन ते साडेतीन युनिटांचे काम करतो. शंभर बादल्यांसाठी नैसर्गिक वायू ७ घनमीटरांच्या आत लागेल; एलपीजी साडेपाच किलो लागेल. संस्थांसाठी मिळणाऱ्या १९ किलोच्या सिलिंडरात साधारण २०० युनिटांचे काम दडलेले असते. तेव्हा सिलिंडरच्या किमतीस २०० ने भागावे आणि येणारा आकडा आपल्या वीजबिलातील प्रत्यक्ष दराशी ताडून पाहावा. दर बदलत राहतात. भागाकाराची रीत बदलत नाही. पंचायतीच्या सभेत पाटीवर मांडता येईल असा हा हिशेब आहे. तो मांडल्याशिवाय कोणताही ठराव करू नये.

कोळशापासून बादलीपर्यंत

विजेची कांडी स्वतः फारशी उष्णता वाया घालवीत नाही. मग विजेवर पाणी तापविण्यात उधळपट्टी कोठे होते? याचे उत्तर गोंदिया जिल्ह्यातच मिळते. तिरोडा येथील औष्णिक वीज केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच असून त्यांची एकूण क्षमता ३,३०० मेगावॅट आहे. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ होते, वाफेवर चक्र फिरते आणि चक्रावर वीज निर्माण होते. या प्रवासात कोळशातील १०० भाग उष्णतेपैकी ३५ ते ४० भागच विजेच्या रूपाने बाहेर पडतात. उरलेली उष्णता थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून व धुराड्यांतून हवेत जाते. पुढे तारांतून व रोहित्रांतून येताना आणखी काही भाग गळतात. बादलीपाशी पोहोचतात ते जेमतेम ३० ते ३५ भाग.

याचा अर्थ असा की, उष्णतेपासून मोठ्या कष्टाने वीज करावयाची आणि त्या विजेपासून पुन्हा उष्णताच करावयाची. दिवा, पंखा, पाण्याचा पंप, शाळेतील संगणक, आरोग्य केंद्रातील लसींचे शीतकपाट ही कामे विजेवाचून होत नाहीत. तेथे तिला पर्याय नाही. पाणी कोमट करणे हे मात्र हलके काम आहे. ते इंधन जागेवर जाळूनही होते. वायूचे चांगले उपकरण इंधनातील १०० भाग उष्णतेपैकी ८० भाग पाण्यात उतरविते.

हवेचा विचार केला तरी हेच दिसून येते. कोळशावर केलेल्या प्रत्येक युनिटामागे सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या मानाने शंभर बादल्यांमागे ५५ किलो होतात. तेच पाणी नैसर्गिक वायूवर तापविल्यास हा आकडा १३ ते १४ किलोंवर येतो. राख पडत नाही, काजळी धरत नाही.

मुंबईची वाटचाल

महाराष्ट्राला नळाच्या वायूची ओळख नवी नाही. मुंबई शहरात १८६० च्या दशकात रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. तो वायू कोळशापासून तयार केलेला होता आणि बॉम्बे गॅस कंपनी तो नळांतून पुरवीत असे. पुढे विजेचे दिवे आले आणि वायूचे दिवे मागे पडले. वायूचे खरे काम प्रकाश देण्याचे नसून उष्णता देण्याचे आहे, हे त्यातून कळून आले.

१९७४ च्या फेब्रुवारीत तेल व नैसर्गिक वायू आयोगाला ‘सागर सम्राट’ या जहाजाच्या साह्याने मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात तेलाचा साठा सापडला. १९७६ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे हाय’ येथून तेलाचे उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही वर येत होता. परंतु तो किनाऱ्यावर आणावयास नळ नव्हता. म्हणून आरंभी त्यातील पुष्कळसा वायू समुद्रावरच जाळून टाकावा लागला. पुढे समुद्रतळावरून नळ टाकून तो उरणला आणण्यात आला आणि खत कारखान्यांना व वीजनिर्मितीला त्याचा उपयोग होऊ लागला. १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि हा वायू मुंबईच्या घरांत, रुग्णालयांत व उपाहारगृहांत नळाने जाऊ लागला. स्वयंपाकघरापर्यंत आलेला नळ न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत नेऊन अनेक कुटुंबांनी विजेच्या गिझरऐवजी वायूचा गिझर बसविला. इमारतीच्या बाहेरील भिंतीवरून उभा नळ, प्रत्येक घराला मीटर आणि महिन्याअखेर बिल अशी ही व्यवस्था आता शहरी माणसाच्या अंगवळणी पडली आहे.

विदर्भ समुद्रापासून दूर असल्याने त्याला या वायूसाठी दीर्घकाळ थांबावे लागले. मुंबईहून नागपूरमार्गे ओडिशातील झारसुगुड्याकडे जाणारी गेल या कंपनीची सुमारे १,७०० किलोमीटर लांबीची वायुवाहिनी ही उणीव भरून काढण्यासाठी आखण्यात आली. मात्र मोठा नळ प्रदेशातून जाणे आणि गावातील इमारतीला जोडणी मिळणे यांत पुष्कळ अंतर असते. बिरसीच्या रहिवाशांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. गावकऱ्यांच्या पिढ्या ती पाहत मोठ्या झाल्या. पुढे विमानतळ सुधारला, वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि २०२२ च्या मार्च महिन्यात येथून नियमित प्रवासी विमान उडाले. धावपट्टी आणि प्रवासी यांच्यामध्ये सुमारे आठ दशके गेली. वायूच्या बाबतीत इतका काळ लागू नये अशी इच्छा असेल, तर जोडणीची वाट पाहतानाच इमारती तयार ठेवल्या पाहिजेत.

बदल म्हणजे केवळ नळी जोडणे नव्हे

इंधन बदलताना सर्वांत मोठी चूक होते ती उपकरण न बदलता इंधन बदलण्याची. प्रत्येक वायूची उष्णता निराळी, दाब निराळा आणि त्याला लागणारी हवाही निराळी. शेगडीच्या तोंडाशी वायू सोडणारे जे बारीक छिद्र असते त्याला जेट म्हणतात. एलपीजीच्या जेटमधून नैसर्गिक वायू पुरेसा येत नाही आणि ज्योत मंद राहते. उलट नैसर्गिक वायूच्या जेटवर एलपीजी लावला, तर ज्योत भडकते आणि काजळी धरते. गोबर गॅसला तर स्वतंत्र बर्नरच लागतो. ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाचा वायू सोडून उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू स्वीकारला. तेव्हा गल्लीगल्लीत कारागीर पाठवून घराघरातील प्रत्येक शेगडी आणि प्रत्येक हीटर यांचे बर्नर बदलावे अथवा जुळवून घ्यावे लागले. नळ तोच, घर तेच. पण जळण बदलले म्हणून कोट्यवधी उपकरणांना हात लावावा लागला. एका वसतिगृहासाठीही नियम हाच आहे.

दुसरी गोष्ट वायुवीजनाची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात अथवा तळघरात ठेवू नये आणि त्या खोलीला जमिनीजवळ झरोके असावेत. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो. त्याच्यासाठी झरोके छताजवळ लागतात. एलपीजीसाठी बांधलेल्या खोलीत पुढे नळाचा वायू यावयाचा असेल, तर खाली व वर अशा दोन्ही ठिकाणी झरोके ठेवणे शहाणपणाचे होय. वायूचा वास आला तर विजेचे बटण लावू नये आणि बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडून आधी माणसांना बाहेर काढावे.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट बंद न्हाणीघराची. वायू जळण्यास हवा लागते. दार-खिडकी बंद असलेल्या लहानशा न्हाणीघरात गिझर पेटला की, तो तेथील प्राणवायू वापरून टाकतो. मग ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्यास डोके जड वाटते, भोवळ येते आणि मदतीसाठी हाक मारण्यापूर्वीच शुद्ध हरपते. बाहेर घरच्यांना वाटते, आंघोळीला वेळ लागतो आहे. अशा रीतीने तरुण, धडधाकट माणसे प्राणास मुकल्याच्या बातम्या हिवाळ्यात येत असतात. म्हणून वायूचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा आणि त्याचा धूर नळीवाटे इमारतीबाहेर काढावा. आत केवळ गरम पाण्याचा नळ जावा. निळी, स्थिर ज्योत ही निरोगी ज्वलनाची खूण आहे. ज्योत पिवळी पडू लागली की उपकरण बंद करून कारागिराला बोलवावे. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी ही खूण स्वयंपाक्यापासून सफाई कामगारापर्यंत सर्वांना दाखवून ठेवावी. वीज मुलाला झटका देते तेव्हा निदान आरडाओरडा होतो. हा वायू गुपचूप जीव घेतो. वायूवर जाण्याचा सल्ला देणाऱ्याने हे सांगितले नाही, तर त्याचा सल्ला अपुरा ठरतो.

नळ येईपर्यंत गावाने काय करावे

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन होय. शेणाच्या टाकीतून निघणाऱ्या गोबर गॅसमध्येही हाच मिथेन सुमारे ५५ ते ६० टक्के असतो. म्हणजे समुद्राखालून येणारा वायू आणि गोठ्यामागे तयार होणारा वायू हे एकाच कुळातले आहेत. महाराष्ट्रात या वायूचा इतिहास जुना आहे. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या निवासस्थानात १८९७ साली मैल्यापासून मिळणारा वायू दिव्यांसाठी वापरण्यात आला होता. स्वातंत्र्योत्तर काळात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या लोखंडी टोपाचे संयंत्र गावोगाव पोहोचविले. १९८१-८२ पासून केंद्र शासनाने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प हाती घेतला. देहू येथे १९५९ पासून वैद्यकीय सेवा करणाऱ्या डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी शौचालयास वायुसंयंत्र जोडण्याचे काम निष्ठेने केले. आरोग्य, स्वच्छता आणि इंधन यांची सांगड घालणाऱ्या या कार्याबद्दल त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

तथापि उत्साहाच्या भरात हिशेब सुटता कामा नये. एक घनमीटर गोबर गॅससाठी सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. शंभर बादल्यांसाठी १९ घनमीटर वायू, म्हणजे रोज पावणेपाचशे किलो शेण हवे. एका जनावरामागे दहा किलो शेण हाती लागते असे धरले, तर त्यासाठी ४७-४८ जनावरे पाहिजेत. शिवाय थंडीत टाकीतील जंतूंचे काम मंदावते. म्हणजे गरज जास्त तेव्हाच वायू कमी. शौचालयांच्या जोडणीने शंभर मुलांमागे दररोज तीनेक घनमीटर वायू मिळू शकतो, त्यावर सोळा-सतरा बादल्या तापतील. स्वयंपाकघरातील उरलेल्या अन्नापासून, भाताच्या पेजेपासून व भाज्यांच्या देठांपासून आणखी थोडा वायू मिळेल. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने खरकट्यावर चालणारे छोटेखानी संयंत्र तयार केले आणि त्याला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. वसतिगृहाच्या एकदोन शेगड्यांसाठी हे साधन उत्तम आहे. सर्व मुलांच्या आंघोळीचा भार मात्र त्याच्यावर टाकू नये. ज्या गावांत संयंत्रावर अवाजवी अपेक्षा लादल्या गेल्या, तेथे पहिल्या हिवाळ्यातच निराशा झाली. मग शेण कालविणे थांबले, लोखंडी टोप गंजला आणि संयंत्राची कचराकुंडी झाली.

अशा स्थितीत सूर्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. विदर्भातील हिवाळ्याचे एक वैशिष्ट्य असे की, थंडी कडक असते तेव्हा आकाश बहुधा स्वच्छ असते. दिवसभराच्या उन्हावर ६० अंशांपर्यंत तापलेले सुमारे १,१०० लिटर पाणी साठविता आले, तर त्यात गार पाणी मिसळून शंभर बादल्या भरता येतात. म्हणून उन्हावर तापणारी टाकी प्रथम, ढगाळ दिवसासाठी वायूचा गिझर दुसरा आणि अडीअडचणीला विजेचा एखादा गिझर तिसरा, अशी क्रमवारी बिरसीसारख्या गावातील इमारतीस सोयीची पडेल. उन्हाची टाकी बसविल्यावर वायूची वार्षिक गरज बरीच घटते आणि सिलिंडर संपल्यामुळे मुले गार पाण्याने आंघोळ करीत आहेत, अशी वेळ येत नाही. गोंदियाच्या भातगिरण्यांजवळील संस्थांना धानाच्या तुसाचाही विचार करता येईल. एक किलो तुसात सुमारे ३,००० किलोकॅलरी असतात. चांगल्या बांधणीच्या बंबात ३३-३४ किलो तुसावर शंभर बादल्या निघतील. परंतु धूर, राख आणि पहाटे उठून बंब पेटविणारा माणूस या तिन्ही गोष्टींची तरतूद आधी करावी लागेल.

वायूच्या मर्यादा

वायूची बाजू मांडताना त्याच्या उणिवा झाकून ठेवणे योग्य नव्हे. पहिली उणीव पुरवठ्याची व किमतीची. भारताला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळजवळ निम्मा परदेशांतून आणावा लागतो. दाभोळचा वीज प्रकल्प १९९९ साली नॅफ्थ्यावर सुरू झाला आणि महाग विजेच्या वादात २००१ साली बंद पडला. पुढे तो नव्या कंपनीकडे जाऊन वायूवर चालू लागला. परंतु देशातील वायूचा पुरवठा आटल्याने २०१३ च्या सुमारास त्याची चाके पुन्हा थांबली. २०२२ साली युक्रेनमधील युद्धामुळे जगभर वायूच्या किमती भडकल्या. नेदरलँड्समध्ये १९५९ साली ग्रोनिंगन येथे प्रचंड साठा सापडला आणि काही वर्षांतच तेथील घराघरात वायू पोहोचला. पण वायू उपसल्यामुळे जमिनीला धक्के बसू लागले, घरांना तडे गेले आणि २०२३ साली तेथील नियमित उत्पादन थांबविण्यात आले. एकाच इंधनावर सर्व भिस्त ठेवणे किती महाग पडते, याची ही उदाहरणे आहेत.

दुसरी उणीव गळतीची. न जळता हवेत सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. गळक्या नळामुळे वायूचा सारा लाभ धुऊन निघू शकतो. गोबर गॅसच्या फुटक्या टोपालाही हे तितकेच लागू आहे.

तिसरी गोष्ट काळाची. कोळशाच्या विजेवर पाणी तापविणे महाग पडते, हा हिशेब आजच्या कोळशाचा आहे. उन्हावर आणि वाऱ्यावर होणाऱ्या विजेचा वाटा वाढत आहे. हीट पंप नावाचे साधन भोवतालच्या हवेतील उष्णता ओढून घेते आणि एका युनिटात सुमारे तीन युनिटांचे काम करते. दुपारच्या सौरविजेवर असा पंप चालवून टाकी भरून ठेवता आली, तर वीज पुन्हा वायूच्या पुढे जाईल. म्हणून वायूसाठी आज जो खर्च करावयाचा तो बेताचा असावा. टाकी, गरम पाण्याचे वेष्टित नळ आणि मिश्रणाची सोय यांवर सढळ हाताने खर्च करावा, कारण इंधन कोणतेही आले तरी ही मांडणी उपयोगी पडते.

ठरावापूर्वीची पाच कामे

बदल करू इच्छिणाऱ्या पंचायतीने किंवा शाळेच्या व्यवस्थापनाने पाच कामे क्रमाने करावीत. पहिले, मागील हिवाळ्याची वीजबिले काढून पाणी तापविण्यावर किती युनिटे खर्च झाली ते पाहावे. दुसरे, गळके नळ आणि उघड्या टाक्या दुरुस्त कराव्यात व गरम पाण्याच्या नळांना वेष्टन घालावे. वाचविलेली बादली ही सर्वांत स्वस्त बादली होय. तिसरे, एलपीजी, गोबर गॅस, ऊन आणि वीज यांचा खर्च वर सांगितलेल्या रीतीने शेजारी शेजारी मांडावा. त्यात उपकरणाची किंमत आणि दुरुस्तीचा खर्चही धरावा. चौथे, गिझरची जागा, झरोके आणि धूर काढण्याची नळी यांची पाहणी जाणकार माणसाकडून करून घ्यावी आणि तिचा लेखी अहवाल दप्तरी ठेवावा. पाचवे, देखभालीची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर टाकावी. रबरी नळी केव्हा बदलली, ज्योत केव्हा तपासली, सिलिंडर केव्हा आला, याची नोंदवही ठेवावी. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नसते, हा गोबर गॅसच्या बंद पडलेल्या संयंत्रांनी शिकविलेला धडा आहे.

शिक्षकांना यात एक निराळी संधी आहे. शाळेतील मुलांनी तापमापक घेऊन टाकीतले पाणी मोजावे, बादल्या मोजाव्यात, मीटरवरील आकडे टिपावेत आणि वहीत हिशेब करावा. उष्णतेचा धडा फळ्यावर शिकविण्यापेक्षा तो अधिक चांगला उमगेल. तीच वही पंचायतीच्या सभेपुढे ठेवली, तर गावाला स्वतःच्या इमारतीचे खरे आकडे मिळतील आणि बाहेरून आलेल्या विक्रेत्याच्या आकड्यांवर विसंबावे लागणार नाही.

विजेकडून वायूकडे जाणे हे प्रगतीचे पाऊल ठरेल की नुसती खरेदी ठरेल, हे यंत्राच्या बनावटीवर फारसे अवलंबून नाही. ज्या कामाला जे इंधन शोभते ते द्यावे, आधी मोजावे मग खर्च करावा आणि माणसाच्या जिवाला जपावे, हे तीन नियम पाळले तर मोठा नळ गावात केव्हाही येवो, बिरसीतील वसतिगृहात थंडीच्या पहाटे प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक बादली गरम पाणी येणे अवघड नाही. त्यासाठी लागणारा हिशेब गावाला आजच करता येण्यासारखा आहे.